प्रवाशाची सवय आणि प्रवाशाचे मत : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नव्या घराचा ताबा पुढल्या महिन्यात मिळणार, हे वाचून मनापासून आनंद झाला. त्याच पत्रात सार्वजनिक वाहतुकीविषयी तू जे लिहिले आहेस, त्यावर मात्र मी अजून विचार करतो आहे. लोकांना मुळात स्वतःचीच गाडी हवी असते, परवडत नाही तोवर ते बसने जातात आणि परवडू लागले की बस सोडतात, म्हणून बससेवेवर अधिक पैसा खर्च करणे व्यर्थ आहे, असे तुझे म्हणणे. तुझे निरीक्षण पुष्कळ अंशी खरे आहे. निष्कर्ष मला पटत नाही. माणूस रोज ज्या रीतीने प्रवास करतो, ती त्याने पारखून निवडलेली असते असे तू धरून चालतोस, आणि तिथेच माझा मतभेद सुरू होतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानके बंद राहिली, काही चालू होती, त्यामुळे असंख्य प्रवाशांना नेहमीचा मार्ग सोडून दुसरा शोधावा लागला. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासकार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की ज्यांना मार्ग बदलावा लागला होता, त्यांच्यापैकी सुमारे पाच टक्के लोक संप मिटल्यावरही जुन्या मार्गावर परतले नाहीत. हे रोजचे, सरावलेले प्रवासी होते. तरीही त्यांना आपला अधिक सोयीचा मार्ग सक्ती झाल्यावरच सापडला. याचे एक कारण त्या रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा हेही होते. हॅरी बेक यांच्या १९३३ च्या आराखड्यावरून चालत आलेला तो नकाशा गाडी कुठे बदलायची हे उत्तम दाखवतो, पण त्यातली अंतरे प्रत्यक्षाशी जुळत नाहीत, आणि जिथे ही तफावत मोठी होती तिथे मार्ग कायमचा बदलणारेही अधिक निघाले. एकाच रेल्वेतला सोयीचा मार्ग जर सवयीआड दडून राहतो, तर गाडीची किल्ली उचलण्याची सवय ही विचारपूर्वक दिलेली पसंती आहे असे आपण कशावरून मानायचे?

प्रवाशांच्या तक्रारींविषयीही तू थोडा कठोर झाला आहेस. वेळापत्रकात दर दहा मिनिटांनी बस असताना लोक ‘बस येतच नाही’ म्हणून ओरडतात, याला तू अतिशयोक्ती म्हणतोस. जरा हिशेब करून पाहू. दर दहा मिनिटांनी नेमाने बस आली, तर थांब्यावर केव्हाही येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल. आता तितक्याच बस एकदा दोन आणि एकदा अठरा मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या असे समज. तासाला सहा बस ही नोंद तशीच राहते, पण बहुतेक माणसे अठरा मिनिटांच्या लांब खंडातच थांब्यावर येणार, म्हणून सरासरी प्रतीक्षा आठ मिनिटांच्या वर जाते. गर्दीचेही तसेच आहे. निम्म्या बस रिकाम्या धावल्या तरी त्या रिकामेपणाचा अनुभव फार थोड्यांना येतो, कारण बहुसंख्य प्रवासी भरलेल्या बसमध्येच असतात. कार्यालयातला अहवाल खोटा नसतो आणि प्रवाशाची तक्रारही खोटी नसते. सेवा ज्याच्यासाठी आहे त्याच्या बाजूने ती मोजावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा अनियमितपणा चालकांच्या बेफिकिरीतूनच येतो असेही नाही. एक बस जरा उशिरा निघाली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी अधिक माणसे साठतात, त्यांना चढायला अधिक वेळ लागतो आणि ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे मोकळे मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येते आणि शेवटी दोघी पाठोपाठ धावू लागतात. सर्व दारांनी चढउतार, गाडीत चढण्यापूर्वीच तिकीट, बससाठी राखीव मार्गिका आणि सिग्नलवर प्राधान्य हे त्यावरचे उपाय आहेत, आणि त्यांतला एकही भुयार खोदण्याइतका महाग नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराच्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव फेटाळला आणि १९७७ मध्ये ट्राम व बस विनाअडथळा धावाव्यात यासाठी निधी मंजूर केला. आज त्या शहरात सुखवस्तू माणसेही ट्रामने कामावर जातात. परवडू लागले की लोक सार्वजनिक वाहन सोडतात, हा तुझा नियम तिथे लागू पडत नाही.

लोकमतच अशा उपायांच्या विरोधात असते, हा मुद्दा तू शेवटी मांडलास. स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, रस्त्यांवरची गर्दी कमी व्हावी म्हणून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांवर गर्दीशुल्क लावण्याचे ठरले, तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. जानेवारी ते जुलै २००६ या काळात ते प्रायोगिक स्वरूपात लावले गेले आणि शुल्कसीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. त्यानंतर सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहरातील मतदारांनी थोड्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला, २००७ मध्ये ते कायम झाले, आणि पुढच्या काही वर्षांत त्याला पाठिंबा वाढला. अनुभवाआधीच्या मताला मी तुच्छ लेखत नाही, कारण त्यामागची भीती खरी असते. पण जी सेवा लोकांनी चांगल्या स्वरूपात कधी पाहिलेलीच नाही, तिच्याविषयीचे त्यांचे मत अंतिम समजून ती देणेच नाकारायचे, याला मी अन्याय म्हणतो. गाडी नसलेल्यांवर, म्हाताऱ्यांवर, शाळकरी मुलांवर आणि रात्रपाळीवरून परतणाऱ्यांवर तो रोज होतो.

आता तुझ्या घराविषयी. सवयी मोडायला घरबदलासारखी दुसरी संधी क्वचितच मिळते, कारण जुना रस्ता आपोआप सुटलेला असतो आणि नवा अजून पायाखालचा झालेला नसतो. म्हणून सामान लावण्याच्या गडबडीतही पहिल्याच आठवड्यात बसने कामावर जाऊन पाहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सकाळची बस पाहून निर्णय घेऊ नकोस, संध्याकाळची पाहा. परतीची खात्री नसली की माणूस सकाळीच गाडी काढतो, आणि दोष मात्र सकाळच्या बसला लागतो. कामावरून उशीर झाला तर शेवटची बस किती वाजता आहे, ती खरोखर येते का, आणि थांब्यापासून घरापर्यंत उजेडातून चालत येता येते का, एवढे पाहून मला लिही. तिथली सेवा खरोखरच वाईट निघाली तर तसेही निःसंकोच लिही; तक्रारीचा अर्ज आपण दोघे मिळून तयार करू.

घरातील सर्वांना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित मित्र