दिग्यास, प्रेसच्या मशीनबद्दल

मिरज, १८ जानेवारी २०२६

प्रिय दिग्या,

दिवाळीत तुझा फोन आला, मी ‘उद्या करतो’ म्हणालो आणि तो उद्या संक्रांत उलटली तरी उगवला नाही. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, तेवढ्या मुदतीत हे पत्र बसवतोय. रागावला असशील तर रागव, पण शेवटपर्यंत वाच. प्रकृती बरी आहे. गुडघ्याचं जे होतं तेच आहे.

कारण आप्पांचं मशीन, म्हणजे प्रेसमधला डीटीपीचा जुना संगणक. शुक्रवारी दुकानातला एक मुलगा प्रेसमध्ये येऊन शिऱ्याला सांगून गेला की विंडोज १० बंद झालंय, हे मशीन आता डेड, भंगारात द्या आणि नवा लॅपटॉप घ्या. कोटेशनही ठेवून गेला. शिऱ्याने मान डोलावली. मंदावहिनींनी मला विचारलं, “याच्यात ह्यांचं सगळं आहे ना रे?” त्यांना काय उत्तर द्यायचं, हे दोन दिवस डोक्यात फिरतंय. तुझ्याशिवाय हे कुणाला कळणार नाही.

डेड म्हणजे काय रे? मशीन सुरू होतं. पानं जुळवायचा पेजमेकर उघडतो. प्रिंट निघते. १४ ऑक्टोबर २०२५ला एवढंच झालं की मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे फुकटचे सुरक्षा पॅच थांबवले. नेटवर असलेल्या मशीनला त्याने धोका आहे, हे मला मान्य आहे. नवीन भोक सापडेल आणि ते बुजवायला कुणी येणार नाही. पण धोका वेगळा आणि मेलेलं वेगळं. त्या मुलाने या दोन्हींची गाठ मारून वहिनींच्या गळ्यात घातली, याचा मला संताप आला.

मे २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच माणसाने जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की विंडोज १० ही शेवटची आवृत्ती. ऑक्टोबर २०२१मध्ये ११ आलं. त्याला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) हवं, सिक्युअर बूट हवं आणि प्रोसेसर त्यांच्या यादीतला हवा. यादी सुरू होते साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून. टीपीएमबद्दल माझी तक्रार नाही, किल्ल्या वेगळ्या तिजोरीत ठेवणं चांगलंच. पण लॅपटॉपमधल्या आठव्या पिढीचे पहिले प्रोसेसर आठव. आत सातव्या पिढीचीच रचना, फक्त कोअर वाढवलेले. एक आत आणि एक बाहेर. या रेषेला तांत्रिक कारण मला अजून सापडलेलं नाही.

आणि तुझ्या दुकानात येणाऱ्यांतली काही मशीनं तर उगाचच नापास होत असतील, तेवढं बघत जा. आठवी-नववी पिढी असूनही ‘चालणार नाही’ असं येतं, कारण बायॉसमध्ये पीटीटी, म्हणजे इंटेलचं आतलं टीपीएम, बंद असतं, एएमडी असेल तर एफटीपीएम. ते चालू केलं की टीपीएम हजर. दुसरं म्हणजे डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आणि बूट लीगसीत. विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे. त्याने आधी नुसती तपासणी करायची, पास झाली तर डिस्क बदलायची, मग बायॉसमध्ये यूईएफआय करायचं. डेटा जात नाही, तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नको. बायॉसला हात घालण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू आहे का तेही बघ. रिकव्हरी की नसताना टीपीएमशी खेळलास तर डिस्क कुलूपबंद.

खरंच जुन्या मशीनला विंडोज १०चे पॅच आणखी एक वर्ष मिळायची सवलत आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. आवृत्ती २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं पाहिजे. सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवायला हो म्हटलं की फुकट, नाहीतर ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनं चालतात. युरोपातल्या लोकांनी आवाज उठवला, तर त्यांना क्लाउडची अटही काढून दिली. आपल्याकडे कुणी ओरडलं नाही, अट राहिली. रुफस नावाच्या साधनाने टीपीएमची तपासणी वगळून ११ टाकता येतं, तू टाकतोस हे मला माहीत आहे. पण गिऱ्हाइकाला स्पष्ट सांग की दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येणार नाही, हाताने चढवावी लागेल. आणि कोअर टू ड्युओला ११ची २४एच२ आवृत्ती टाकायला जाऊ नको, तिला लागणारी एक सूचनाच त्या प्रोसेसरात नाही, बूटच होत नाही.

आता ते कोटेशन. नवा ‘एआय पीसी’, कीबोर्डवर कोपायलटचं बटण. मायक्रोसॉफ्टची कोपायलट प्लसची व्याख्या आहे १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी एनपीयू, म्हणजे एआयसाठीची वेगळी चिप. लग्नपत्रिका लावायला! या सगळ्या ताकदीवर त्यांनी पहिली मोठी सोय कुठली दाखवली तर रिकॉल, दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणारी. जून २०२४मध्ये सुरक्षावाल्यांनी झोडपल्यावर ती मागे घेतली, दुरुस्त करून एप्रिल २०२५मध्ये परत आणली. प्रेसमध्ये लोकांच्या पत्रिका, पत्ते, फोन नंबर पडलेले असतात. तिथे असलं काही चालू असावं असं मला वाटत नाही.

शिवाय वेळही वाईट आहे. रॅमचे कारखाने एआयच्या सर्व्हरांकडे वळलेत, भाव चढलेत. मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रुशल हे आपलं दुकानी नाव बंद करत असल्याचं जाहीर केलं. तू आणि मी किती क्रुशलच्या पट्ट्या बसवल्या असतील! म्हणजे नेमक्या या महिन्यांत लोकांना ‘जुनं फेका, नवं घ्या’ सांगितलं जातंय.

हे विंडोजपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. ह्युमेनची ती छातीला लावायची एआय पिन ६९९ डॉलरला विकली एप्रिल २०२४मध्ये, वर महिन्याचे २४ डॉलर. २८ फेब्रुवारी २०२५ला सर्व्हर बंद, पिनेचा खडा झाला. गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा ऑक्टोबरमध्ये ॲपशी संबंध तोडला. भिंतीवर बटणाने चालतात अजून, तेवढं बरं. विकलेल्या वस्तूची दोरी विकणाऱ्याने स्वतःच्या हातात ठेवायची, ही पद्धतच मला सहन होत नाही.

आता आपल्या मशीनचं. तुला आठवतंच, चौथ्या पिढीचा आय५, चार जीबी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आणि मागे प्रिंटर पोर्टला आप्पांचं ते डोंगल, सॉफ्टवेअर उघडायची किल्ली. आत ३२-बिट विंडोज १०, कारण डोंगलचा ड्रायव्हर तेवढ्यातच चालतो. इथेच त्या मुलाचं कोटेशन कोसळतं. नव्या लॅपटॉपला प्रिंटर पोर्ट नाही. यूएसबीला जोडायची जी वायर मिळते ती फक्त प्रिंटरची भाषा जाणते, डोंगल तिच्यावर ओळखलं जात नाही. विंडोज ११ला ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे पन्नास हजार घालून वहिनींना असं यंत्र मिळणार ज्यावर आप्पांची एकही फाइल उघडणार नाही. हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. ‘चार जीबी रॅम वाढवा’ असाही पर्याय त्यात लिहिलाय. ३२-बिटला चारच्या वरची रॅम दिसतच नाही!

खरा आजार दुसराच आहे. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोने बघितली. ०५ या नोंदीवर आकडा आहे आणि सी५वरही, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर रांगेत उभे आहेत. मशीन रखडतंय ते यामुळे. मी लगेच बंद करून ठेवलंय. आता साधं क्लोनिंग करायला गेलो तर खराब जागेवर अडकेल आणि डोकं तिथेच घासत बसेल. म्हणून डीडीरेस्क्यू. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब तुकड्यांकडे शेवटी वळतं. लॉगची फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवायची, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे. एसएसडी ५१२ची घेतोय. ४८०ची स्वस्त पडते पण ५००च्या डिस्कपेक्षा लहान, जशीच्या तशी बसणार नाही.

दुसरं, बोर्डावरचा सेल गेलाय, सीआर२०३२. तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो, कारण प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत. शिऱ्याला वाटलं व्हायरस. सेल काढण्याआधी बायॉसमधल्या साटा मोडचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या पद्धतीचा, फोटो काढून ठेवलाय. सेल काढला की बायॉस मूळ पदावर जातं, आयडीईचं एएचसीआय होतं, आणि विंडोज निळा पडदा दाखवतं. माझा अंदाज आहे की अशी कितीतरी मशीनं ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून किलोवर गेली असतील.

मग त्याची लॅनची वायर कायमची काढायची. नेट नाही तर पॅच नसल्याचं भय जवळपास नाही. मेल, व्हॉट्सॲप आणि बिलं वहिनींच्या जुन्या लॅपटॉपवर, त्यात लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई. एप्रिल २०२९पर्यंत अपडेट. हो, मिंट! हस खुशाल. तू लिनक्स लिनक्स करून डोकं खाल्लंस तेव्हा मी दोन महिने बोललो नव्हतो. वहिनींसाठी तू म्हणत होतास तेच बरोबर होतं. डीटीपीसाठी मात्र मी बरोबर होतो, डोंगलचा ड्रायव्हर वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायच्या सोयीत, चालत नाही, तेवढं तू आज कबूल कर. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटच्या आयबसमधून लगेच मिळाला. विंडोजचं पार्टिशन उघडताना फक्त ‘वाचता येईल, लिहिता येणार नाही’ असं झालं, ते फास्ट स्टार्टअपमुळे. ते बंद करून नीट शटडाउन केलं की सुटतं. प्रिंटर तोच कॅनन एलबीपी २९००. त्याची कॅप्ट भाषा कॅननची स्वतःची, मिंटमध्ये सरळ चालत नाही. तूर्त पीडीएफ पेनड्राइव्हने जुन्या मशीनवर नेऊन छापायची.

एवढं सगळं जमेल. झोप उडवतात त्या फाइली. १९९८पासूनच्या स्मरणिका, शाळेचे अंक, आप्पांनी स्वतः जुळवलेली कीर्तनाची आख्यानं. सगळं श्रीलिपीच्या जुन्या फाँटात. फाँट नसला तर पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत खरोखर तीच अक्षरं आहेत, मराठी फक्त वरचा मुखवटा. आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ करायची, फाँट आत भरून. त्याने रूप वाचेल, पण शोधायला गेलास तर काही सापडणार नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये न्यावाच लागेल. पेजमेकर ७ शेवटचा, २००१चा. इनडिझाइनही सीएस६पर्यंतच त्याच्या फाइली उघडायचं.

रूपांतर कुठे घसरतं ते तुला माहीत आहे. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलट. त्यामुळे ‘मार्मिक’, ‘वार्षिक’, ‘आर्थिक’ अशा शब्दांत दोघी एकाच अक्षरावर आल्या की कन्व्हर्टर गोंधळतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य तर रफार होऊन बसतो आणि ‘वार्‍यावर’चं ‘वार्यावर’ होतं. मी दहा पानं करून बघितली. आधी बदलाचा तक्ता लावायचा, मग फक्त ऱ्य, ऱ्ह आणि रफार-वेलांटीचे शब्द शोधून हाताने तपासायचे. एका पानाला मला वीसेक मिनिटं लागली. आख्यानांची साडेतीनशे पानं आहेत. त्यात आप्पांची स्वतःची चिन्हं आहेत, ओवीच्या शेवटी ते जे दुहेरी दंड आणि फूल टाकायचे ते. ती कुठल्या कोडवर बसवली होती ते तुलाच ठाऊक, तो तक्ता तू लिहिला होतास.

चिन्मयीची बारावी या वर्षीच ना? तिला शुभेच्छा सांग. घराचं काम स्लॅबपर्यंत आलं का? काकूंचं मोतीबिंदूचं झालं असेल, कळव. हे सगळं मी आधी विचारायला हवं होतं.

आता काम. एक, तो चिन्हांचा तक्ता शोध, बहुतेक तुझ्या निळ्या वहीत आहे. दोन, डोंगलच्या ड्रायव्हरची सीडी तुझ्याकडे होती. चालत असेल तर तिची आयएसओ करून पाठव, ओरखडे असतील तर सीडीच एसटीने पाठव, मी स्टँडवर जाऊन घेईन. तीन, फाँटाच्या मूळ फाइली. हार्ड डिस्कवरचा फाँटांचा फोल्डर नेमका त्या खराब भागात असला तर तुझ्या प्रतीवाचून गत्यंतर नाही. बुधवारी एसएसडी येतेय. तुझा फोन येईपर्यंत डीडीरेस्क्यू सुरू करत नाही, कारण ती डिस्क एकदाच नीट फिरेल अशी मला भीती आहे. शिऱ्याला मी सांगितलंय की मशीनला कुणी हात लावायचा नाही.

तुझा,
बंड्या