उभ्या इलेक्ट्रिक गाडीचा वीजवापरही छापा

संपादक महोदय,

इलेक्ट्रिक मोटारींवरच्या लेखांत गाडी एका चार्जमध्ये किती धावते, चार्जिंगला किती वेळ लागतो आणि बॅटरी किती वर्षे टिकते, याची भरपूर चर्चा असते. कुलूप लावून उभी ठेवलेली गाडी किती वीज खाते, हे मात्र कोणी छापत नाही. खासगी गाडी तर दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. दोन-दोन व्होल्टचे 24 सेल जोडून 48 व्होल्टचा संच, आणि हातात आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर. बॅटरी उतरली असे कोणी सांगत आले की आमचे साहेब आधी एकच विचारायचे, ‘तिच्यावर लोड काय आहे?’ इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

माझी भाची घरच्या आजारपणामुळे बरेच दिवस परगावी होती. परत आली तर गाडी रिमोटला दाद देईना. रिमोटच्या आतल्या साध्या किल्लीने दार उघडले, पण पडदा काळाच. चार्जर जोडून पाहिला, तोही सुरू झाला नाही. शेवटी निदान झाले की गाडी चालवणारी मोठी बॅटरी चांगली भरलेली होती, बसली होती ती 12 व्होल्टची छोटी बॅटरी. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तिला सांगितले, ‘इलेक्ट्रिक गाड्यांत असे होतेच.’ हे उत्तर मला मान्य नाही.

गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीच्या वाटेवरचे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढले जाणारे मोठे स्विच, उघडतात आणि ती बाकीच्या गाडीपासून तुटते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. त्यानंतर कुलूप, अलार्म, किल्लीचा रिसीव्हर, मोबाइल नेटवर्कशी जोडलेला मोडेम हे सगळे 12 व्होल्टवर चालते. ती बॅटरी खाली येऊ लागली की गाडीतला कॉम्प्युटर कॉन्टॅक्टर जोडतो आणि मोठ्या बॅटरीतून तिला भरून घेतो. काही गाड्यांत ही छोटी बॅटरी आता लिथियमची असते, पण पुष्कळ गाड्यांत ती अजून लेड-ॲसिडचीच आहे. काही कारणाने हे भरून घेणे चुकले आणि व्होल्टेज फार खाली गेले, तर कॉन्टॅक्टर ओढायलाही जोर उरत नाही. मग मोठ्या बॅटरीत कितीही वीज असो, तिच्यापर्यंत पोचता येत नाही. उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तिची ताकद कायमची कमी होते. बॅटरी रूममध्ये आम्ही सर्वांत जास्त जपायचो ते याच गोष्टीला.

आता मोठ्या बॅटरीचे बघू. लिथियम-आयन बॅटरी लोड नसताना आपोआप उतरते ती महिन्याला जेमतेम दोन-तीन टक्के. तेव्हा गाडी रोज एक टक्का गमावत असेल तर तो दोष बॅटरीच्या रसायनाचा नव्हे, कोणीतरी वीज घेत आहे. 40 युनिटच्या बॅटरीचा एक टक्का म्हणजे 400 वॉट-तास, सरासरी सुमारे 17 वॉटचा अखंड लोड. हे चालून जाईल. पण उभ्या गाडीभोवती पहारा देणारे कॅमेरे आणि त्यांच्यामागचा कॉम्प्युटर जागा राहून 200 वॉट घेऊ लागला, तर 24 तासांत 4.8 युनिट, म्हणजे 12 टक्के जातात. आठवडाभराच्या सुट्टीवर गेलेल्या माणसाने परत येऊन काय करायचे? मोबाइलवरून चार्ज किती उरला हे वारंवार बघणाराही गाडीला दरवेळी झोपेतून उठवत असतो, आणि किल्ली गाडीजवळच्या खुंटीला टांगली तर काही गाड्या नीट झोपतच नाहीत. थंडीत सकाळी दिसणारा कमी आकडा मात्र यात धरू नये, बॅटरी तापल्यावर त्यातला काही भाग परत दिसतो.

ज्याच्या जागेवरच चार्जर आहे त्याला हा खप जाणवणारही नाही. जो सार्वजनिक चार्जरवर अवलंबून आहे, त्याचे मात्र प्रत्येक टक्क्यावाचून अडते. त्याला सल्ला मिळतो की बरेच दिवस जाणार असाल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा. सल्ला बरोबर आहे, भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. पण निम्म्यावर सोडलेली गाडी महिन्याने चालू होईल की नाही, हे रोजचा खप कळल्याशिवाय कोण सांगणार?

हा आकडा काढणे अवघड नाही. टेस्लाच्या गाड्यांत उभ्या गाडीची वीज कशाकशात गेली हे पडद्यावर दिसते, आणि त्यांचा कॅमेऱ्यांचा पहारा चार्ज 20 टक्क्यांखाली गेला की बंद होतो. इतरांनाही हे जमेल. युरोपात आज गाडीची रेंज ज्या डब्ल्यूएलटीपी या प्रयोगशाळेतल्या चाचणीवरून सांगतात, तिचे एक चक्र 30 मिनिटांचे आणि सव्वातेवीस किलोमीटरचे असते. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होते, ते त्यात येत नाही. युरोपीय संघात नुसत्या स्टँडबायवर असलेल्या, नेटवर्कशी न जोडलेल्या साध्या घरगुती उपकरणाला 2013 पासून अर्ध्या वॉटची मर्यादा आहे, पण वाहने त्या कायद्याच्या बाहेर ठेवलेली आहेत. गाडीने अर्ध्या वॉटवर भागवावे असे मी म्हणत नाही, तिला कुलूप आणि अलार्म सांभाळायचा असतो. आकडा तरी छापा. नुसती कुलूपबंद असताना किती, कॅमेरे चालू ठेवले तर किती. शिवाय कुलूप आणि 12 व्होल्टची देखभाल सोडून बाकी सगळे बंद करणारे एक बटण प्रत्येक गाडीत हवे, आणि ते मेनूच्या पाचव्या पानावर दडलेले नसावे.

आपल्याला एक विनंती. आपल्याकडे नव्या गाड्यांची परीक्षणे येतात. परीक्षणासाठी मिळालेली गाडी परत करण्याआधी शक्य असेल तेव्हा आठवडाभर कुलूप लावून उभी ठेवावी. आधीचा आणि नंतरचा चार्ज, 12 व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज, त्या दिवसांचे तापमान, आणि कॅमेरे चालू होते की बंद, एवढे रेंजच्या आकड्याशेजारी छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ