काच पुसण्याचा भाव कसा ठरतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र छापून आलं. दिवाळी जवळ आली की साफसफाईवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, काचा पुसणाऱ्याने तर दोन तासांचे साडेपाचशे घेतले, यांना कुणी विचारणारं आहे की नाही, असा त्यांचा सूर होता. त्या घरचं काम मी केलेलं नाही. पण तेवढाच भाव मीही सांगतो. तो कशाचा असतो, हे काम करणाऱ्याने एकदा सांगितलेलं बरं, म्हणून हे पत्र.

मी जळगावात पिंप्राळ्याला राहतो. आधी अॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात कामाला होतो, स्लायडिंग खिडक्या बसवायचो. आता काचा धुऊन-पुसून द्यायचं स्वतःचं काम करतो. घरं, दुकानं, दवाखाने, क्लासेस, जे मिळेल ते. मालक मी, कामगार मी, उधारी मागायला जाणाराही मीच. सीझनला तेवढा मेव्हणा हाताखाली येतो.

तर साडेपाचशे. दोन बेडरूमच्या फ्लॅटला साधारण चार मोठ्या स्लायडिंग खिडक्या असतात आणि संडास-बाथरूमच्या पट्ट्यांच्या दोन. मोठ्या खिडकीचे मी १२० घेतो, पट्ट्यांच्या खिडकीचे ३५. झाले ५५०. यात काच आतून-बाहेरून, मच्छरची जाळी, आणि खालचा ट्रॅक धरलेला असतो. खरा वेळ खातो तो ट्रॅक. आपल्याकडे मे महिन्यात वावटळी सुटतात, त्यात हायवेची धूळ, कापसाचा हंगाम सुरू झाला की सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांकडून उडणारे पुंजके. सगळं त्या खाचेत जाऊन बसतं. ट्रॅकला बाहेरच्या अंगाने पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की पावसाचं पाणी बाहेर न जाता घरात भिंतीवर उतरतं, आणि लोक खिडकी बसवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. पूर्वी ते फोन मलाच यायचे, म्हणून सांगतो. ती भोकं तारेने मोकळी करणं हे माझ्या १२० रुपयांत येतं. काच पुसली एवढंच गिऱ्हाइकाला दिसतं.

खिडकीचा सरकता पल्ला बाहेरून पुसायचा तर तो काढावा लागतो. दोन्ही हातांनी वर उचलायचा, खालची कड आपल्याकडे ओढायची, की तो ट्रॅकमधून सुटतो. बाहेर ग्रिल असेल तर काळजी नाही. नसेल तर पल्ला हातात, खाली तीन मजले, आणि तळाला कुणाची तरी गाडी लावलेली. अशा वेळी मेव्हणा पल्ल्याला दोरी बांधून धरतो. दोन माणसं लागली की भाव तोच कसा राहील?

दुसरी गोष्ट पाण्याची. जळगावात नळाचं पाणी वाघूर धरणाचं, पण ते रोज येत नाही, म्हणून वापराला बहुतेक ठिकाणी बोअर. बोअरच्या पाण्यात क्षार. त्या पाण्याने काच धुतली आणि तशीच वाळू दिली तर जिथे जिथे थेंब राहिला तिथे पांढरा डाग पडतो. रांगोळीचे ठिपके काढून ठेवल्यासारखी काच दिसते. दुकानदार झाडांना पाणी मारतात, रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून पाइप सोडतात, ते शिंतोडे काचेवर बसतात आणि वर्षभरात त्याचा थर होतो. साध्या लिक्विडने तो हलत नाही. व्हिनेगर लावून थांबावं लागतं, मग घासावं लागतं, कधी पातं लावावं लागतं. काही जण अॅसिड मारतात. डाग जातो, पण खालची अॅल्युमिनियमची फ्रेम काळी पडते आणि मार्बलचा उंबरा खरखरीत होतो. तो माणूस तोवर पैसे घेऊन गेलेला असतो. शंभर रुपये स्वस्त पडलेलं काम असं महाग पडतं.

एक गंमत सांगतो. पुष्कळ ठिकाणी प्रेमाने म्हणतात, "भाऊ, आरओचं पाणी बादलीत साठवलंय, ते घ्या." मशिनच्या नळीतून बाहेर पडणारं ते टाकाऊ पाणी असतं आणि त्यात बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात. फरशीला चालेल, काचेला नको. शेवटच्या हाताला मी गाडीला जारचं पाणी बांधून नेतो. त्याचेही पैसे लागतात. रद्दीच्या पेपरने काच चकचकीत होते, हेही ऐकवतात. होते, घरातल्या आरशापुरती. दहा फुटी काचेला पेपर लावत बसलो तर आपला पूर्ण अंकही पुरायचा नाही, संपादकसाहेब, आणि पांढऱ्या फ्रेमला शाई लागते ती वेगळी.

आता 'दोन तासांचे' या शब्दाबद्दल. लोक भाव रोजाशी जोडतात. मजुराचा दिवसाचा रोज इतका, मग दोन तासांचे याने इतके कसे घेतले? मजुराला बारा वाजता काम संपलं तरी रोज मिळतो. मला काम संपलं की घरी. दोन तासांच्या कामाआधी एकदा बघायला जावं लागतं, कारण फोनवर "चारच खिडक्या आहेत" सांगतात आणि तिथे गेल्यावर बाल्कनीची फ्रेंच विंडो निघते. जाणं-येणं, शिडी चढवणं, खालच्या वॉचमनची समजूत काढणं, हे त्या दोन तासांत धरलेलं नसतं. दिवसभरात दोन घरं, फार तर तीन. पावसाच्या झडीत काम नाही. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की ऊन लागलेल्या काचेवर पाणी टाकताक्षणी वाळतं आणि वायपर फिरवायच्या आत पट्टे उठतात. तेव्हा सकाळी पश्चिमेच्या काचा, दुपारनंतर पूर्वेच्या, आणि मधल्या वेळेत सावलीला बसायचं. म्हणून मी तासावर भाव सांगतच नाही. काचेच्या मापावर, मळावर आणि उंचीवर सांगतो. चांगल्या रबराचा वायपर असला तर काच पटकन होते. रबराची कड जराशी बोथट झाली की काचेवर केसाएवढी ओळ राहते, ती उन्हात नेमकी दिसते, म्हणून मी रबर वेळेवर बदलतो. पटकन होणं ही माझ्या हाताची आणि रबराची कमाई. त्याचे पैसे कापायचे कशासाठी?

काम मिळतं कसं, हेही थोडं लिहितो. या धंद्यात उतरू पाहणारी पोरं मला विचारत असतात. पेपरमध्ये पत्रकं टाकून फार काही होत नाही (माफ करा, पण खरं आहे). माझी निम्मी कामं सेक्शनवाल्यांकडून येतात. नवीन खिडकी बसली की काचेवर सिमेंटचे, रंगाचे शिंतोडे असतात, घरमालक त्यांनाच विचारतो. रंगारीही नंबर देतात. उरलेली कामं दुकानांत स्वतः जाऊन. पण सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या जाऊ नये. बोहनी व्हायच्या आत खर्चाची गोष्ट काढलेली कुठल्याच शेठला आवडत नाही, नकार ठरलेला. दुपारी तीन-साडेतीनला, गिऱ्हाईक नसताना जावं. आणि फार बोलू नये. "एक काच पुसून दाखवतो, पैसे नकोत," म्हणावं, दाराजवळची एकच काच नीट करावी, बाजूची तशीच सोडावी आणि नंबर देऊन निघावं. दिवसभर शेठच्या नजरेला ती दुसरी काच टोचते. रिंग रोडवरची माझी बरीच दुकानं अशीच लागली.

घरांचं गणित वेगळं. खान्देशात श्रावणात कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्याआधी घर धुणं-रंगवणं होतंच. तेव्हा एक हंगाम, आणि मोठा हंगाम दिवाळीचा. या दोन्हींच्या आधी फोन थांबत नाहीत, एरवी फोन वाजतच नाही. दिवाळीत भाव वाढतो तो इथे. सगळ्या शहराला त्याच पंधरा दिवसांत काचा पुसून हव्यात, आणि त्या पंधरा दिवसांवर मला पुढचे-मागचे कोरडे महिने काढायचे असतात.

याला उपाय आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात आहे. माझ्याकडे एक कपड्याचं दुकान आहे. काच बारा फूट बाय नऊ फूट. दर आठवड्याला बाहेरून, पंधरा दिवसांतून एकदा आतून. महिन्याला ८०० रुपये. तेवढ्याच मापाच्या शेजारच्या दुकानाला वर्षातून एकदा, दिवाळीला, मी १,२०० सांगतो, कारण तिथे वर्षाचा थर असतो. शेजारचे शेठ म्हणतात, वर्षाला एकदाच बाराशे, मला तर स्वस्त पडलं. पडलं, त्यांचा हिशेब चुकीचा नाही. दिवाळीपुरती काच स्वच्छ हवी असेल तर त्यांनी तसंच करावं. माझं म्हणणं एवढंच, की वर्षाचा थर घेऊन धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फोन करायचा आणि "त्या दुकानाला तर एका वेळचे दोनशेच घेतोस" म्हणायचं, हे जुळत नाही. घरवाल्यांनाही मी सांगतो, नवरात्राच्या आधी बोलवा, खिडकीमागे वीस रुपये कमी घेईन. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर आणखी कमी, कारण शिडी आणि मेव्हणा एकदाच आणावे लागतात. एक आजी दरवर्षी ऐकतात. दारातच विचारतात, "कितला पैसा लेशी रे भाऊ?" आणि मी सांगितल्यावर दहा रुपये कमी करतात. आम्ही दोघंही ते धरूनच असतो.

उधारीबद्दल फार लिहीत नाही. लक्ष्मीपूजनाला घरातून पैसा बाहेर काढत नाहीत, हे मला मान्य आहे. आमच्याही घरी काढत नाहीत. पण मग काम आदल्या दिवशी पुरं झालं तर तेव्हाच द्यावेत. लाभपंचमीला दुकान उघडलं की देतो म्हणणारे शेठ लाभपंचमीला म्हणतात, आता नवीन वहीत पहिलाच खर्च तुझा कसा लिहू?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महाबळपासून हायवेपर्यंत आता प्रत्येक नव्या इमारतीला पुढून अखंड काच आणि त्यावर चकचकीत पॅनेल. ती काच उघडत नाही. तिला बाहेरून पुसायचं तर परांची बांधा किंवा गच्चीवरून दोराने माणूस सोडा. दोर बांधायला गच्चीवर काय असतं? पाण्याच्या टाकीचा पाइप, नाहीतर विटांचा कठडा. दोन्ही माणसाचं वजन झटक्यासरशी पेलायला बांधलेले नसतात. लोक मला महापालिकेच्या सतरा मजली इमारतीकडे बोट दाखवून हसत विचारतात, "तिथवर जाशील का?" सतरा मजल्यांचं सोडा, तिसऱ्या मजल्यावरून पडलेला माणूसही कामावर परत येत नाही.

विमा आहे का, असं विचाराल. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जातात, पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे. अपघातात जीव गेला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर २ लाख. पाय मोडून सहा महिने घरी बसलो तर त्यातून काही नाही. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं ई-श्रम कार्ड आहे. २०२३ साली विश्वकर्मा योजना आली, तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, न्हावी, परीट, शिंपी, सगळे हक्काचे. काच पुसणारा त्यात नाही. पाय मोडायची सोय मला माझ्या भावातूनच बाजूला काढून ठेवावी लागते. उंचीचे जादा पैसे मागतो ते यासाठी.

बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळी आपला पेपर वाचतात, म्हणून त्यांना विनंती. एवढ्या मोठ्या काचेचा खर्च करता, तर स्लॅब टाकतानाच गच्चीवर सळईत गुंतवलेले दोन-चार मजबूत हूक सोडा आणि पुढच्या बाजूला एक पाण्याचा नळ द्या. इमारतीच्या खर्चात ते दिसणारही नाही. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकावर मी भरवसा ठेवत नाही. महापालिकेने नकाशा मंजूर करताना हे बघितलं तर आणखी चांगलं. हूक असेल तिथे हार्नेस लावून, मेव्हण्याला वर दोराकडे लक्ष ठेवायला उभं करून, मी ठरलेल्या भावात काम करतो. हूक नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर बाहेरून हात लावत नाही, पैसे कितीही देऊ केले तरी.

आपला नियमित वाचक,
काचा पुसणारा एक
पिंप्राळा, जळगाव
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)