मंत्रिमहोदय, लिनक्सचा जीआर एवढ्यात काढू नका

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारी कार्यालयं व शाळांमधले संगणक, फाइली आणि सॉफ्टवेअरचे परवाने यांबाबत

महोदय,

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्या दिवशी कुठला संगणक बंद पडला नाही, कुणाचं काम अडलं नाही, म्हणून फारसा गवगवाही झाला नाही. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचं यंत्र कितीही धडधाकट असलं तरी मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते बाद. मी सांगली जिल्ह्यात शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींच्या संगणकांची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, घेतो. अशी यंत्रं रोज हाताखालून जातात.

या विषयावर आपल्या टेबलावर तीन तऱ्हेचे प्रस्ताव येतील, कदाचित आलेही असतील. सगळे संगणक नवे घ्या, असं एक म्हणेल. सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाका, पैसे वाचतील, असं दुसरा. परदेशी काहीच नको, भारतीय कंपनीचं घ्या, असं तिसरा. मी स्वतः दुसऱ्या पंगतीतला. माझ्या दुकानात विंडोजवर चालणारं माझं असं एकही यंत्र नाही. लिनक्सच्या अवतारांत उबंटू बरं की डेबियन, ‘लिनक्स’ म्हणायचं की ‘जीएनयू/लिनक्स’, यावर मी चहा गार होईपर्यंत भांडलेलो आहे. तरीही विनंती करतो, की त्या दुसऱ्या प्रस्तावावर एवढ्यात सही करू नका.

भांडण ऑपरेटिंग सिस्टिमवर चाललंय आणि आपण अडकलोय भलतीकडे.

कुठल्याही जुन्या कार्यालयातली दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मराठी फाइल उघडून पाहा. ती बहुधा श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्याच एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असते. त्या फॉन्टमध्ये संगणक मराठी साठवतच नाही. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं लिहिलं की यंत्राच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं जातात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. मग ती फाइल शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर वाचताही येत नाही. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१ पासून आहे. इनस्क्रिप्ट कळफलकाचं भारतीय मानकही त्याच वर्षीचं. तरी रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेले हात, जुने साचे आणि ‘साहेबांना हाच फॉन्ट आवडतो’ या तीन गोष्टींपुढे मानकाचं काही चालत नाही.

बरं, युनिकोडवर आलेली कार्यालयं तरी मोकळी झाली का? तिथे मंगल. हा फॉन्ट ज्यांच्या देखरेखीखाली घडला ते र. कृ. जोशी मराठीतले थोर सुलेखनकार, पण त्याचा परवाना मायक्रोसॉफ्टचा आणि तो येतो विंडोजबरोबर. मंगलमध्ये मांडलेलं पत्र लिनक्सवर उघडलं की दुसरा फॉन्ट बसतो, ओळी सरकतात, तक्ता पानाबाहेर जातो आणि लिपिक म्हणतो, “हे लिनक्स काही कामाचं नाही.” त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. त्याला पाच वाजायच्या आत पत्र जावक करायचं असतं. खरं तर मुंबईच्याच एकटाइपचा ‘मुक्त’ आहे, आयआयटी मुंबईची ‘शोभिका’ आहे. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. कुठल्याही यंत्रावर टाका, फाइलीत जोडून पाठवा, हवं तर अक्षर दुरुस्त करून पुन्हा वाटा. फॉन्ट नुसता सुटा विकायला तेवढी मनाई. शासकीय पत्रव्यवहारासाठी अशांपैकी एखादा ठरवून द्यायला एक दमडी लागत नाही.

म्युनिकच्या महापालिकेची गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीनं सांगतात. तिथे २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरलं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर महापौरांना जातीनं भेटून आले, तरी महापालिका बधली नाही. दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास संगणक हलले. आणि २०१७ मध्ये त्याच महापालिकेनं विंडोजकडे परतायचा ठराव केला. आमचे लोक सांगतात की मायक्रोसॉफ्टनं जर्मनीतलं मुख्यालय शहरात आणलं, म्हणून पारडं फिरलं. विंडोजवाले सांगतात की लिनक्स झेपलं नाही. कंटाळवाणं कारण कुणी सांगत नाही : खात्याखात्यांची आयटी व्यवस्था विखुरलेली होती, काही कामांची सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नव्हती, आणि बाहेरच्या कार्यालयांतून येणाऱ्या वर्डच्या फाइली नीट उघडत नव्हत्या. यंत्राखालचा पाया बदलला होता, कागद मात्र जुन्याच घरचा राहिला.

त्याच जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य आता उलट्या टोकानं निघालंय. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी सुमारे तीस हजार संगणकांवर एमएस ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे खुलं सॉफ्टवेअर आणायचं जाहीर केलं, ओडीएफ हा फाइलींचा खुला साचा धरला, २०२५ मध्ये ई-मेल आउटलुकवरून काढून थंडरबर्ड या खुल्या सॉफ्टवेअरवर नेली. विंडोज काढायचं काम शेवटी ठेवलंय. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो.

आणि केरळ. तिथल्या शाळांमध्ये आयटी@स्कूल २००१ च्या सुमारास सुरू झालं. आज त्याच कामाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी उबंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांवर चालवते. २०१९ मध्ये त्यांनी तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा हिशेब सांगितला. तो आकडा मी फार मनावर घेत नाही. छापील किमतीला परवाने कुठलंच सरकार घेत नाही, आणि शिक्षण खात्याला तर मायक्रोसॉफ्टवाले जवळजवळ फुकटच देतात. विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटचंच पाहा : कंपन्यांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, शाळांना १ डॉलर. शाळेतल्या पोराचा हात एकदा बसला की पुढची तीस वर्षं ते वसूल होतात. केरळनं कमावलं ते दुसरंच. पाठ्यपुस्तक त्या प्रणालीवर लिहिलं, शिक्षक त्यावर तयार केले, परीक्षाही त्यावरच घेतली. आपल्याकडे एमएस-सीआयटी २००१ पासून आहे, सरकारी नोकरीसाठी चालते, घराघरांतल्या मुलामुलींनी केलेली आहे. पण भर राहिला विंडोज आणि एमएस ऑफिसवर. पवईत आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून तयार आहेत, तेही मोफत.

तिसऱ्या प्रस्तावाबद्दल जपून बोलतो, कारण त्याला सध्या वारा आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या आउटलुक आणि टीम्सच्या सेवा मायक्रोसॉफ्टनं एकाएकी बंद केल्या. कारण युरोपीय संघाचे निर्बंध. पैसे भरलेले, करार चालू, तरी ई-मेल बंद. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग काही दिवसांत सेवा परत आल्या. एका तेल कंपनीचं असं होतं, तर उद्या एखाद्या राज्याच्या कोषागाराचं का होणार नाही, हा प्रश्न रास्त आहे. केंद्रानं आपल्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या यंत्रणेवर नेली, तीही याच काळात. झोहोबद्दल मला आदर आहे. तेनकाशीसारख्या गावात बसून जगभर विकणारी कंपनी रोज उभी राहत नाही. पण तिचा कोडही, म्हणजे सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण, बाहेरच्यांना बंदच आहे. कुलूप तमिळनाडूत बनलं म्हणून किल्ली मंत्रालयात येत नाही. उद्या कंपनी विकली गेली, दर वाढले, धोरण फिरलं, तर बाहेर पडायची वाट कोणती, हे आधी कागदावर हवं. हाच प्रश्न मायक्रोसॉफ्टला विचारा, झोहोला विचारा आणि लिनक्सचा सपोर्ट विकायला येणाऱ्यालाही विचारा.

आता त्या कोडबद्दल, जो आपण स्वतः लिहून घेतो. यात राज्याचा हात खरा चालतो आणि इथेच सगळ्यात कमी लक्ष जातं. खात्यासाठी सॉफ्टवेअर बनतं, कंत्राटदार बदलतो, नवा म्हणतो की जुन्याचा कोड मिळाला नाही किंवा मिळाला तो चालत नाही, आणि तेच काम पुन्हा निविदेला निघतं. शेजारच्या खात्याला तेच सॉफ्टवेअर हवं असेल तर तिसऱ्यांदा. केंद्रानं २०१५ मध्ये दोन धोरणं काढली. एक सांगतं की निविदेत ओपन सोर्सचा, म्हणजे उघड्या कोडच्या सॉफ्टवेअरचा, विचार व्हायलाच हवा आणि पुरवठादारानं तो टाळला तर कारण द्यावं. दुसरं सांगतं की सरकारी सॉफ्टवेअरचा कोड इतर खात्यांना वापरता यावा असा उघडा करावा. ओपन सोर्सचं ते पहिलं धोरण राज्यांवर बंधनकारक नाही. ज्यांना हवं त्यांनी स्वीकारायचं आहे. महाराष्ट्रानं दोन्ही स्वीकारावीत, आणि नुसती नावापुरती नव्हे.

अशा उघड्या कोडचा परवाना कोणता, यावर आमच्यातच दोन तट आहेत. उद्योगवाले म्हणतात एमआयटी किंवा अपाची. कुणीही घ्यावं, बदलावं, हवं तर बंद करून विकावं, म्हणजे कंपन्या पुढे येतात. माझं मत एजीपीएलचं. सरकारी सॉफ्टवेअर बहुतेक सर्व्हरवर चालतं, लोकांच्या हातात फक्त ब्राउझर असतो. साध्या जीपीएलची अट कोड दुसऱ्याला दिला तरच लागू होते. सर्व्हरवर बदल करून बसलेल्याला ती शिवत नाही. एजीपीएल म्हणतो, बदललेलं रूप नेटवर्कवरून लोकांना वापरायला देत असाल तर त्यांना कोडही द्या. करदात्याच्या पैशातून लिहिलेला कोड फुकट घ्यायचा, त्यावर थोडी मलमपट्टी करून तोच पुन्हा सरकारला विकायचा, हा धंदा त्यानं अवघड होतो. कंपन्यांना ते जाचक वाटेल. वाटू दे.

‘कोड उघडा केला तर चोर शिरतील’ हा आक्षेप आपले अधिकारी नक्की घेतील. पासवर्ड आणि नागरिकांची माहिती कोडमध्ये नसते; असेल, तर तो कोड झाकून ठेवण्याचा नव्हे, कंत्राटदाराला घरी पाठवण्याचा मुद्दा आहे. पण उघडं म्हणजे आपोआप सुरक्षित, हेही मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या, छोट्याशा खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ते एकटा थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि कुणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून त्याचा विश्वास कमावला होता. लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे एका अभियंत्याला खटकलं म्हणून निभावलं. (तो अभियंता मायक्रोसॉफ्टचा, हे आमच्या पंगतीत जरा हळू आवाजात सांगितलं जातं.) कोड उघडा होता म्हणून त्याला तपासता आला, हे खरंच. पण सांभाळणाऱ्याला कुणी पगार देत नव्हतं, हेही तितकंच खरं. म्हणून परवान्यांवरचा खर्च वाचलाच तर तो तिजोरीत परत नेऊ नका. मराठी फॉन्ट, शुद्धलेखन तपासनीस, लिब्रेऑफिसचं मराठी रूप सांभाळणाऱ्यांना त्यातून मानधन द्या.

निविदा काढताना परवान्याबाबत आणखी एक खाच ध्यानात घ्या : आजचा खुला परवाना उद्या बदलू शकतो. सर्व्हर उभारायला वापरतात ते टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं खुलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या त्याच्या कंपनीनं परवाना बदलून त्यावर बंधनं घातली. रेडिस या डेटाबेसवाल्यांनी मार्च २०२४ मध्ये तेच केलं. लोक हात चोळत बसले नाहीत : जुन्या परवान्याखालचा शेवटचा कोड घेऊन ओपनटोफू आणि व्हाल्की उभे राहिले, आणि रेडिस पुढच्याच वर्षी एजीपीएल घेऊन खुल्या गोटात परतलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते. मात्र ती सोय वापरायला कोड समजणारी माणसं पदरी लागतात, आणि ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावर मिळत नाहीत.

राहिली जुनी यंत्रं. ज्यांना ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन, बायोमेट्रिक किंवा विंडोजशिवाय न चालणारा एखादा जुना लेझर प्रिंटर जोडलाय, त्यांना तूर्त वाढीव अपडेट घ्या आणि गप्प बसा. त्यांच्यावर लिनक्स टाकून मीच माझ्या अंगावर शिव्या ओढवून घेईन. शाळेच्या लॅबमधली, ग्रंथालयातली, नुसत्या ब्राउझरवर चालणारी यंत्रं मात्र लिनक्सवर आणखी काही वर्षं सहज जातील. चार जीबी रॅम आणि एक स्वस्त एसएसडी पुरते. खरा अडसर वेगळाच आहे. खेडोपाडी लिनक्सची स्पर्धा अस्सल विंडोजशी नसते, पेन ड्राइव्हवरून फुकट मिळणाऱ्या क्रॅकशी, म्हणजे विंडोजच्या चोरट्या प्रतीशी, असते. सरकारी यंत्रांवरचे परवाने एकदा तपासायला लावा. त्या अहवालानंतर माझ्यासारख्याला लिनक्सची वकिली करावी लागणार नाही.

तेव्हा पहिला जीआर ऑपरेटिंग सिस्टिमचा नको. तो युनिकोडचा, एका खुल्या फॉन्टचा आणि ओडीएफचा असू द्या, त्यात तारीख घाला, आणि त्या तारखेनंतर जुन्या फॉन्टमधलं पत्र आवक शाखेनं परत करावं असं स्पष्ट लिहा. दुसरा, सरकारी पैशातल्या कोडचा. तिसरा ऑपरेटिंग सिस्टिमचा, त्याची घाई नाही. आणि हा पहिला जीआर संकेतस्थळावर चढेल तेव्हा तो स्कॅन केलेला नसावा, एवढं मात्र संबंधितांना बजावून ठेवा.

कळावे.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्तीवाला,
जि. सांगली