बर्फमासा आणि तुझा रिपोर्ट

दादर, मुंबई

चि. मैत्रेयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी जेवताना आपले जे बोलणे झाले ते अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहून, दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या तुझ्या हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवत आहे. तुझे हिमोग्लोबिन कमी, 10.4 आले, मी लोहाच्या गोळ्यांचे विचारले, आणि तू म्हणालीस, "आई, मी ज्या माशांवर काम करते ते हिमोग्लोबिनशिवाय अख्खं आयुष्य काढतात, मी दहावर दोन-तीन महिने नाही का काढणार?" सगळे हसले, अण्णासुद्धा हसले. मी पानावरून उठले ती रागावून उठले नाही. तुझ्या त्या एका वाक्याला मला नीट उत्तर द्यायचे होते आणि हात वाळेपर्यंत ते सुचणार नव्हते.

उत्तर द्यायचे तर आधी विषय समजून घ्यायला हवा, म्हणून तुझ्या टेबलावरच्या फाइलमधले लेख मी रात्री बसून वाचले. तू म्हणतेस ते खरे आहे. 1927 मध्ये डिटलेफ रुस्टाड यांना दक्षिण महासागरातल्या बूवे बेटाजवळ हा बर्फमासा मिळाला आणि त्याचे रक्त रंगहीन असल्याची नोंद त्यांनी केली. व्हेलच्या शिकारीला जाणारे नॉर्वेचे खलाशी बिनरक्ताच्या माशाच्या गोष्टी सांगत, त्याही ओस्लोच्या योहान रूड यांच्या कानावर होत्या. पुढे ते दक्षिण जॉर्जिया बेटावर गेले, रक्ताची तपासणी केली आणि 1954 मध्ये त्यात हिमोग्लोबिन नाही असे प्रसिद्ध केले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत, मोठे झाल्यावरही हिमोग्लोबिन नसलेले असे हे एकच कुळ बराच काळ माहीत होते.

नोकरीला लागले तेव्हा आमच्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन मोजायला साहलीची नळी होती, हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. तळाच्या खुणेपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, टोचलेल्या बोटावरचे वीस मायक्रोलिटर रक्त पिपेटने ओढायचे, पिपेटचे टोक पुसून ते त्यात सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे, आणि मग डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालत काचेच्या काडीने ढवळत राहायचे. शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. अशक्त बाईचे रक्त असले की चारदोन थेंबांतच रंग फिका पडून काचेच्या खाली जाई आणि माझा हात आखडे. बर्फमाशाचे रक्त त्या नळीत घातले तर एकही थेंब न घालता रंग काचेच्या खालीच असेल. हा विचार मनात आला आणि मला त्या माशाचे कौतुक वाटण्याऐवजी काळजी वाटली. तुझ्या आजीच्या हाती तो पडता तर तिनेही घेतला नसता. सिटीलाइटच्या बाजारात कल्ला उघडून आत लालभडक आहे का ते पाहिल्याशिवाय तिने कधी सुरमई घेतली नाही, आणि या माशाचे कल्ले तर दुधी पांढरे असतात.

हा मासा जगतो कशावर, हे तुला मी सांगावे असे नाही, तरी सांगते, कारण माझे म्हणणे त्यातच आहे. समुद्राचे खारे पाणी उणे 1.9 अंश सेल्सिअसला गोठते, आणि दक्षिण ध्रुवाजवळचे पाणी वर्षातला बराच काळ त्याच्या अगदी जवळ असते. पाणी जितके थंड तितका प्राणवायू त्यात अधिक विरघळतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कोमट पाण्याच्या तुलनेत तिथे तो दीडपटीहून बराच जास्त असतो. शिवाय माशाचे शरीरही तेवढेच थंड, त्यामुळे त्याची गरज कमी. तरीही त्याचे रक्त लाल रक्ताच्या भावंडांच्या एक दशांशापेक्षा कमी प्राणवायू वाहून नेते, आणि ही तूट भरून काढण्यासाठी त्याने काय काय केले आहे ते पाहा. हृदय मोठे, रक्तवाहिन्या रुंद, रक्ताचे आकारमान भावंडांच्या दुप्पट ते चौपट, अंगावर खवले नाहीत म्हणून थोडा प्राणवायू कातडीतूनही आत येतो. स्वस्थ पडून असतानासुद्धा त्याच्या एकूण ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटे हृदय खाते. याला बिनखर्चाचे जगणे म्हणत नाहीत, मैत्रेयी. लाल पेशी नसल्यामुळे रक्त पातळ राहते आणि थंडीत ते ढकलणे सोपे जाते, एवढा एक फायदा त्याच्या बाजूने सांगतात. पण तेवढ्या फायद्यापेक्षा किंमत जास्त आहे, हा मुळात गुण नसून आधी तोटाच झाला आणि गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्याने तो निभावून नेला, असे ब्रूस सिडेल आणि क्रिस्टिन ओब्रायन या संशोधकांनी 2006 मध्ये मांडले, आणि मला त्यांचेच पटते. हिमोग्लोबिन गेल्यामुळे शरीरातला नायट्रिक ऑक्साइड वाढला असावा आणि त्यानेच रक्तवाहिन्या रुंद व्हायला हातभार लावला असावा, ही त्यांची कल्पना मी दोनदा वाचली. बहुतेक जातींत हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिनचे जनुक पूर्ण गेले आहे आणि आल्फाचा एक मोडका तुकडा राहिला आहे. एकदा गेलेले परत येत नाही.

तुझ्याकडे ते पाणी नाही. तुझे शरीर 37 अंशांवर चालते, थंडीत ते 37 वर टिकवायला जास्त जळण लागते, कुडकुडण्यालाही प्राणवायू लागतो, आणि लोह कमी असलेल्या माणसाला अंगातली ऊब राखणे अवघड जाते, हे तुझ्या आईने पुस्तकातही वाचले आहे आणि वॉर्डातही पाहिले आहे. तूट आली की हृदय जास्त धडधडते एवढेच तुझे आणि त्या माशाचे साम्य. त्याला हृदय मोठे करायला लाखो वर्षे मिळाली.

पाहा, मी परत तिथेच आले. ठरवले होते की गोळ्यांचा विषय एकदाच काढीन.

अकरावीत तू दादर स्टेशनच्या जिन्यावर बसलीस आणि उठता येईना, तेव्हा तुझ्या वर्गातल्या मुलीने मला लॅबवर फोन केला. तुझी स्लाइड मी स्वतः रंगवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लहान, आणि प्रत्येकीच्या मध्ये एवढा मोठा फिकट डाग की लाल रंग नुसता कडेला उरलेला. इतकी वर्षे अशा स्लाइड पाहून मी शांतपणे रिपोर्ट लिहीत असे. त्या दिवशी मला थॅलेसेमियाची, त्या आनुवंशिक रक्तविकाराची, भीती वाटली, त्याची एचबीए-टू तपासणी नॉर्मल येईपर्यंत दोन रात्री झोप लागली नाही, आणि तुझ्या बाबांना मी काहीच सांगितले नाही. लोहाचीच कमतरता निघाली तेव्हा मी लॅबच्या मागच्या गॅलरीत जाऊन रडले. त्या हिवाळ्यात नीलूमावशीने पार्ल्याहून हळिवाच्या लाडवांचे डबे पाठवले आणि तू ते शाळेतल्या मांजरीला घातलेस, हेही मला ठाऊक आहे.

तेव्हा पत्राचा सूर शिकवण्याचा झाला असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. तू आता सव्वीस वर्षांची आहेस, तुझ्या विषयात तुझे नाव आहे, आणि माझ्यासारखीने तुला ध्रुवीय माशांचे रक्त शिकवावे हे योग्य नाही, क्षमा कर. पण अभिमान कुठे ठेवायचा आणि भीती कुठे, हे मला जमत नाही. दोन्ही एकाच पानावर येतात.

अभिमानाचे सांगते. तू बाबांना बर्फरोधक प्रथिनांचे समजावून देत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकत होते. इतर हाडांच्या माशांचे रक्त उणे 0.7 किंवा 0.8 अंशाला गोठते, म्हणजे ते त्या पाण्यात गोठून मरायला हवेत. आणि तिथल्या माशांच्या रक्तात साखर जोडलेले प्रथिन फिरत असते, ते बर्फाच्या इवल्या स्फटिकाला चिकटते आणि त्याला वाढू देत नाही. 1960 च्या दशकात अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंडमध्ये आर्थर डीव्ह्रीस यांनी हे शोधायला घेतले, आणि त्यांच्या गटातल्या क्रिस्टिना चेंग यांनी 1997 मध्ये दाखवले की हे जनुक स्वादुपिंडातल्या पाचक विकराच्या, ट्रिप्सिनोजेनच्या, जनुकापासून घडले. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशात जवळजवळ तसेच प्रथिन आहे, पण ते अगदी वेगळ्या मुळातून आले. दोन टोकांना, एकमेकांची ओळख नसताना, एकच तोड सापडली. बाबा म्हणाले, "कमाल आहे," आणि तू म्हणालीस, "कमाल नाही बाबा, वेळ आहे." मी लाटणे हातात तसेच धरून उभी राहिले. हे वाक्य माझ्या मुलीचे आहे, असे मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना सांगितले.

एक भाग मला मात्र अस्वस्थ करून गेला. ते प्रथिन बर्फाला वाढू देत नाही, पण वितळूही देत नाही. प्लीहेत साठलेले स्फटिक उन्हाळ्यात पाणी थोडे उबदार झाले, वितळणबिंदूच्या वर गेले, तरी तसेच राहू शकतात, असे पॉल चिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडले. म्हणजे ज्याने जीव वाचतो त्याचेच ओझे अंगात साठत जाते. या माशांना उलट दिशेने काही सोसतही नाही. मॅकमर्डोच्या काही जाती पाणी सहा अंशांवर गेले की मरतात. इथे आपण सहा अंशांना शाल शोधू, आणि ते उन्हाने मरतात. समुद्र तापत असताना हे कुठे जाणार, या प्रश्नासाठी तू जात आहेस, आणि तो प्रश्न मोठा आहे हे मला कळते. तू जाऊ नयेस असे मी एकदाही म्हटलेले नाही. एवढे लक्षात असू दे.

अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातल्या घरट्यांचा लेख तुझ्या फाइलमध्ये सर्वांत वर होता. पोलारस्टर्न या जर्मन संशोधन जहाजावरून 2021 मध्ये तळावर कॅमेरा ओढत नेला तेव्हा बर्फमाशांची घरटी दिसू लागली आणि ती संपेचनात; सुमारे 240 चौरस किलोमीटरवर अंदाजे सहा कोटी घरटी. प्रत्येक घरटे म्हणजे बारीक खड्यांचा साधारण पाऊण मीटर रुंदीचा उथळ खळगा, त्यात सरासरी सतराशेच्या आसपास अंडी, आणि बहुतेक ठिकाणी ती राखत बसलेला एकच मोठा मासा. रंगहीन रक्ताचा, उसनवारीवर धडधडणारे हृदय घेऊन, अर्धा किलोमीटर खोल अंधारात. ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिले. काही घरट्यांत अंडी होती आणि राखणारा नव्हता. त्याचे कारण तुला कळले तर मला लिही. मला ते कळून घ्यायचे आहे.

आता कामाचे. गोळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घे, पोट बिघडले तर जेवणानंतर घे, पण चहा आणि गोळी यांत निदान तासाभराचे अंतर ठेव. रात्रभर काम असले की तू जेवणाऐवजी चहावर राहतेस, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. केप टाउनला बोटीवर चढण्याआधी सीबीसी ही रक्ततपासणी करून घे आणि लोहाचा साठा कळायला फेरिटिनही सांग. हिमोग्लोबिनचा आकडा येईल तो जसाच्या तसा मला कळव, नऊ आला तरी नऊच कळव. मला बरे वाटावे म्हणून अकरा करू नकोस. बोटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी भेट. अकरावीपासूनच्या सगळ्या रिपोर्टांच्या प्रती तारखेप्रमाणे लावून याच पाकिटात ठेवल्या आहेत, त्यांना त्या वाचायला वेळ लागणार नाही.

तुझी,
आई