‘ओपन वॉटर’चे पैसे घेऊन ‘स्कूबा डायव्हर’चे कार्ड दिल्याबाबत तक्रार

दादर (पश्चिम), मुंबई
दिनांक : ३ मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : अंदमानातील हॅवलॉक बेटावरील स्कूबा कोर्स अर्धवट ठेवल्याबद्दल रु. ५९,००० परत मिळणे अथवा कोर्स पूर्ण करून मिळणेबाबत

महोदय,

आपल्या पर्यटन कंपनीकडून घेतलेल्या, १० ते १४ फेब्रुवारीच्या आमच्या अंदमान पॅकेजमध्ये रिसॉर्टच्या मुक्कामाबरोबर ‘पाडी ओपन वॉटर डायव्हर सर्टिफिकेशन’ होते (पाडी म्हणजे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण ठरवणारी व कार्डे देणारी आंतरराष्ट्रीय संस्था). माणशी २९,५०० रुपये, दोघांचे ५९,०००. पावतीवर ही रक्कम वेगळ्या ओळीत आहे. २४ तारखेला मेलवर कार्डे आली, ती मात्र ‘पाडी स्कूबा डायव्हर’ची. आपल्या कार्यालयात फोन केल्यावर उत्तर मिळाले, “सर, दोन्ही एकच असतं. पाडी लिहिलंय ना वर?”

एकच नसते. ओपन वॉटरमध्ये थिअरीचे पाच भाग, तलावातली किंवा शांत उथळ पाण्यातली पाच सत्रे आणि समुद्रातले चार डाईव्ह असतात, शेवटी पन्नास प्रश्नांची परीक्षा. स्कूबा डायव्हरमध्ये थिअरीचे तीन भाग, तीन सत्रे आणि दोनच डाईव्ह. ओपन वॉटरचे कार्ड असलेला माणूस आपल्यासारख्याच कार्डधारक जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. स्कूबा डायव्हरला १२ मीटरची मर्यादा, आणि तीही दर वेळी व्यावसायिक डायव्हर सोबत असेल तर. उद्या आम्ही दोघे कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा लक्षद्वीपला गेलो, तर हे कार्ड दाखवल्यावर आमच्यासोबत कोणीतरी द्यावे लागेल आणि त्याचे पैसे आम्हीच भरायचे. हे टाळण्यासाठीच तर कोर्स घेतला होता.

गोंधळ कुठून सुरू झाला ते आपल्या माहितीपत्रकात दिसते. ओपन वॉटरच्या पानावर लिहिले आहे, ‘पोहता येत नसले तरी चालेल’. हे वाक्य ट्राय डाईव्हचे आहे. मालवणला जे चालते ते : गाइड मागून सिलिंडर धरतो, अंगावरच्या, हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटमधली हवा तोच कमीजास्त करतो, पर्यटक मासे बघतो आणि फोटोत अंगठा दाखवतो. मजेची गोष्ट आहे, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. फक्त त्याला कोर्स म्हणू नये. ओपन वॉटरसाठी न थांबता २०० मीटर पोहावे लागते (किंवा मास्क, फिन्स, स्नॉर्केल लावून ३००) आणि दहा मिनिटे आधाराशिवाय तरंगावे लागते. आमची यातली एकही चाचणी झाली नाही. आम्हाला पोहता येते, पण ते तिथे कोणी विचारले नाही.

आता लॉगबुक, म्हणजे प्रत्येक डाईव्हची नोंदवही. आपल्या डाईव्ह सेंटरचा शिक्का असलेली तीन पाने आमच्याकडे आहेत. पहिले पान, १२ फेब्रुवारी : वेळ १४ मिनिटे, कमाल खोली ४.२ मीटर, सिलिंडरमधल्या हवेचा दाब सुरुवातीला २०० बार, वर आल्यावर १४०. पाडीच्या व्याख्येप्रमाणे प्रशिक्षणाचा डाईव्ह धरायचा तर त्यातला बराचसा वेळ ५ मीटरपेक्षा खोल गेला पाहिजे, आणि शिवाय पाण्याखाली किमान २० मिनिटे तरी भरली पाहिजेत किंवा १,४०० लिटर हवा तरी वापरली गेली पाहिजे. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा. त्याला ६० बारने गुणले की ६६६ लिटर येतात. म्हणजे खोली नाही, वेळ नाही आणि हवाही निम्म्याहून कमी. तरी पानाच्या वर ‘ओपन वॉटर डाईव्ह १’ असे छापील आहे. दुसरा (२६ मिनिटे, ८.१ मीटर) आणि तिसरा खरा धरता येईल. चौथा झालाच नाही.

पहिला डाईव्ह का फसला तेही सांगतो, कारण चूक इन्स्ट्रक्टरच्या हुशारीची नाही, आपल्या नियोजनाची आहे. एका इन्स्ट्रक्टरकडे आम्ही दोघे कोर्सवाले आणि त्याच बोटीत आलेले चार ट्राय डाईव्हवाले दिले होते. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो, पण प्रमाणात पाहिले तर सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, म्हणून नवख्याचे कान तिथेच दुखतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, दोर धरून पाय खाली ठेवत उतरायचे, दुखले तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. याला घाई चालत नाही. त्या चारपैकी एकाचा कान तीन मीटरवरच अडला आणि इन्स्ट्रक्टर एकच असल्यामुळे सगळ्यांना वर यावे लागले. दुसरा इन्स्ट्रक्टर हाताशी असता तर आमचा डाईव्ह वाचला असता.

तलावातली सत्रे रिसॉर्टच्या तरणतलावात झाली. सर्वांत खोल भागात पाणी छातीला लागत होते. पहिल्या सत्राला ते चालते. पुढच्या कौशल्यांसाठी पाय टेकणार नाहीत असे पाणी लागते, नाहीतर माणूस घाबरला की सरळ उभा राहतो आणि शिकायचे ते राहून जाते. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने काढणे झाले, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारे, तोंडात धरायचे उपकरण) तोंडातून सोडून पुन्हा शोधणे झाले. मास्क पूर्ण काढून एक मिनिट श्वास घेणे झाले नाही. जोडीदाराच्या पर्यायी रेग्युलेटरवर श्वास घेत वर येणे झाले नाही. हवा संपल्यावर सतत श्वास सोडत वर जायचे, त्याचा ९ मीटरचा आडवा सराव तर त्या तलावात शक्यच नव्हता. तलावाची लांबीच तेवढी नाही.

आणि जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरची नळी काढायला कोणी शिकवले नाही. याचा हिशेब १३ तारखेला चुकवावा लागला. सुमारे सात मीटरवर माझ्या पत्नीच्या जॅकेटमध्ये बटण न दाबता हवा भरू लागली. आपण विकलेल्याच व्हिडिओत हे नीट दिसते : आधी तिचे खांदे वर उचलले जातात, मग पोट, ती बटणाकडे बघते, दोनदा ते दाबते (म्हणजे आणखी हवा), मग इन्स्ट्रक्टर मागून येतो, नळीच्या जोडाची कॉलर मागे सरकवून नळी उपसतो आणि जॅकेटमधली हवा सोडणारा डंप व्हॉल्व्ह खेचतो. सगळे मिळून आठ सेकंद. त्याने काम चोख केले. पण बटण अडकते ते बहुधा आत वाळलेल्या मिठामुळे. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात जॅकेट बुडवून, आत पाणी घालून, बटणे दाबून धुतले की हे सहसा होत नाही. आणि झालेच तर नळी काढणे हा कोर्समधला सराव आहे, दोन मिनिटांचा. तो झाला असता तर तिने बटण न दाबता नळीच काढली असती. वर जाताना हवा प्रसरण पावते, म्हणून जॅकेट आणखी फुगते आणि वेग वाढतच जातो. पाडीने वर येण्याची मर्यादा मिनिटाला १८ मीटर ठेवली आहे. त्यापेक्षा वेगात, घाबरून श्वास रोखून कोणी वर आले, तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. ती टळली हे नशीब.

वैद्यकीय फॉर्मबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, कारण तिथे आम्हीही मान डोलावली. १२ तारखेला सकाळी सात वाजता, बोटीत सामान चढत असताना, फॉर्म हातात आला. पहिल्या पानावरच्या दहाही प्रश्नांपुढे ‘नाही’ला निळ्या शाईची खूण आधीच केलेली होती. सहीची जागा तेवढी मोकळी. ‘डॉक्टरने लिहून दिलेले औषध चालू आहे का’ हा त्यातला एक प्रश्न. पत्नीला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणजे उत्तर ‘होय’, आणि ‘होय’ असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. तिने विचारले तेव्हा “असू द्या मॅडम, सगळेच देतात” असे सांगण्यात आले. हाच फॉर्म बुकिंगबरोबर दादरला दिला असता, तर आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे एका संध्याकाळी काम झाले असते. हॅवलॉकला सकाळी सात वाजता डॉक्टर कुठून आणायचे? ई-लर्निंगचा कोडही असाच, निघायच्या आदल्या रात्री आला. थिअरी पाहायची ती रिसॉर्टच्या नेटवर, व्हिडिओ फिरत राहायचा.

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा. तिसऱ्या डाईव्हमधून आम्ही १३ तारखेला दुपारी २ वाजून १० मिनिटांनी वर आलो, चारची फेरीबोट पकडली, आणि पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजय पुरम) विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ७.०५ ला. मधे १६ तास ५५ मिनिटे. एकच डाईव्ह केला असेल तर १२ तास आणि अनेक दिवस अनेक डाईव्ह केले असतील तर किमान १८ तास जमिनीवर राहावे, अशी डायव्हर्स ॲलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेची शिफारस आहे. रक्तात आणि शरीराच्या ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तो वेळ लागतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब कमी असतो. तिकिटे आणि डाईव्ह दोन्ही आपणच काढली होती, तेव्हा हिशेबही आपणच करायचा होता.

मुळात पाच दिवस, चार रात्रींत, त्यातही जाण्यायेण्यात दीड दिवस घालवून, ओपन वॉटर जेमतेम बसते. एका दिवसात तीनपेक्षा जास्त प्रशिक्षण डाईव्ह घेता येत नाहीत, म्हणजे चार डाईव्हना दोन दिवस हवेत. थिअरी मुंबईतच संपवायची, तलावाची सत्रे इथे खोल पाण्यात घ्यायची आणि रेफरल पत्र (उरलेला कोर्स दुसऱ्या केंद्रात पूर्ण करता यावा म्हणून दिलेले) घेऊन बेटावर फक्त समुद्रातले डाईव्ह करायचे, हा रस्ता आहे. रेफरल वर्षभर चालते. आपण तो सुचवला नाही.

आमची मागणी अशी. एक तर कोर्स पूर्ण करून द्या : उरलेली थिअरी आणि परीक्षा, पाय न टेकणाऱ्या तलावात राहिलेली सर्व कौशल्ये, आणि समुद्रातले दोन डाईव्ह, कारण पहिला आम्ही मोजत नाही. यासाठी अंदमानला जायची गरज नाही. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात खोल प्रशिक्षण तलाव आहे, समुद्र समोरच आहे. हे मे महिन्याच्या मध्यापर्यंत व्हायला हवे, पुढे पावसाळ्यात कोकणातले डायव्हिंग बंद होते. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आपला. हे जमत नसेल तर ५९,००० रुपये परत करा. रिसॉर्टच्या खोलीबद्दल, जेवणाबद्दल तक्रार नाही. व्हिडिओचे माणशी ३,००० रुपयेही आम्ही परत मागत नाही, ते पुरेपूर वसूल झाले.

याशिवाय माहितीपत्रकातले ‘पोहता येत नसले तरी चालेल’ हे वाक्य ओपन वॉटरच्या पानावरून काढावे, आणि आमचे मूळ वैद्यकीय फॉर्म नष्ट न करता त्यांच्या प्रती आम्हाला पाठवाव्यात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवे. त्यानंतर आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन कारणांवर जिल्हा आयोगात जाऊ. त्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे हे प्रकरण मुंबईतच चालेल. लॉगबुक तपासायचे असेल तर मूळ प्रत घेऊन आम्ही आपल्या कार्यालयात येऊ, पण ती ठेवून जाणार नाही. विक्री विभागाकडून ‘पुढच्या ट्रिपवर सूट’ सांगणारे फोन कृपया नकोत.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : पावतीची प्रत, लॉगबुकची तीन पाने, दोन्ही कार्डे, विमानाची तिकिटे, माहितीपत्रकाचे पान, १३ फेब्रुवारीच्या व्हिडिओची प्रत.