इटलीची आखणी: मंदारला पत्र

मिलान

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. रात्री जेवणं आटोपल्यावर मी आणि मेघना नकाशा समोर घेऊन ती वाचत बसलो. भाऊबीज झाली की तुम्ही तिघं निघणार, काकू पहिल्यांदाच देशाबाहेर येणार, हे वाचूनच इतका आनंद झाला की यादीतल्या सगळ्या गावांना हो म्हणून टाकावंसं वाटलं. पण रोम, नेपल्स, पिसा, सिएना, फ्लॉरेन्स, चिंक्वे तेर्रे (समुद्रकाठच्या कड्यांवरची पाच गावं), व्हेनिस, कोमो आणि मिलान, आणि जवळजवळ दर रात्री नवं हॉटेल, हे मला पटत नाही. का ते सविस्तर लिहितो. वाचून रागावू नकोस, आणि वहिनींनाही वाचायला दे.

मुक्काम बदलायचा म्हणजे अर्धा दिवस गेलाच असं धर. सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते, पुढच्या गावची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी हातात येत नाही. मधले सगळे तास बॅगा सांभाळण्यात जातात. इथल्या जुन्या गावांतले रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, त्यांवरून बॅगेची चाकं धड चालत नाहीत. शिवाय नोव्हेंबरात इथे पाचच्या सुमाराला अंधार पडतो, म्हणजे पाहण्यासारखा दिवस आधीच आखूड. रोज बॅग भरायची आणि रोज उघडायची, यात काकूंच्या गुडघ्यांचे हाल होतील, आणि त्यांच्या आठवणीत इटलीऐवजी जिनेच राहतील. ते मला नको आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुक्काम तीनच ठेव: रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला तीन, व्हेनिसला दोन. त्यानंतर आमच्याकडे मिलानला या आणि मनसोक्त राहा. बाकीची गावं या मुक्कामांवरून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी असतील तर बघायची, नाहीतर पुढच्या खेपेला.

विमानाचं तिकीट मुंबई-रोम आणि परतीचं मिलान-मुंबई असं काढ. बुकिंग करताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय घेतलास की जमतं. दुबई, दोहा किंवा अबू धाबीवरून येणाऱ्या विमानांत असं तिकीट सहसा फारसं महाग पडत नाही. उतरलात तिथूनच परत निघायचं ठरवलं तर शेवटी मिलानहून रोमला जायला वेगवान गाडीनेही तीन तास आणि वरचं भाडं जाईल, तेही बघितलेल्याच गावाला जायला.

आता रेल्वे. इथे फिरण्याचं खरं सुख तिच्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो. मोठ्या शहरांमध्ये ताशी 300 किलोमीटरने धावणाऱ्या गाड्या आहेत: एक सरकारी ट्रेनइटालियाची फ्रेच्चारोसा, दुसरी इटालो या खासगी कंपनीची, जी 2012 पासून धावते. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांहून थोडं जास्त, व्हेनिस ते मिलान अडीच तास. भाडं विमानासारखं मागणीप्रमाणे चढतं. महिना-दोन महिने आधी काढलेलं तिकीट आयत्या वेळच्या तिकिटाच्या निम्म्याहून कमी पडू शकतं. दोन्ही कंपन्यांचे दर बघून मगच काढ. स्वस्त तिकिटाचे पैसे मात्र परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत ते काढू नकोस. रेल्वे पासच्या फंदात पडू नकोस. तुमचे मोठे प्रवास तीनच, आणि पास असला तरी वेगवान गाडीच्या सीटचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावंच लागतं.

तिकिटावर शहरांची नावं इटालियनमध्ये असतात: फ्लॉरेन्सचं फिरेंझे, व्हेनिसचं वेनेत्सिया. त्यापुढचं स्टेशनचं नाव नीट बघ. फ्लॉरेन्सला 'सांता मारिया नोव्हेला' हवं, ते भर गावात आहे. व्हेनिसला 'सांता लुचिया' हवं. नुसतं 'मेस्त्रे' लिहिलेलं तिकीट काढलंस तर खाडीच्या अलीकडेच उतरशील.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर काय होतं ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी गडबड होणार नाही. मोठ्या फलकावर तुमची गाडी सापडणार नाही असं वाटेल, कारण तिथे फ्लॉरेन्स लिहिलेलंच नसतं. गाडीचं शेवटचं स्टेशन तेवढं मोठ्या अक्षरांत असतं, व्हेनिस नाहीतर मिलान नाहीतर तोरिनो. तेव्हा नावाऐवजी तिकिटावरचा गाडी नंबर शोधायचा. प्लॅटफॉर्मचा रकाना बराच वेळ रिकामा असतो. गाडी सुटायला दहा-पंधरा मिनिटं राहिली की तिथे आकडा उमटतो आणि फलकाखाली मान वर करून उभी असलेली सगळी गर्दी एकदम हलते. त्या गर्दीबरोबर पळू नका. आरक्षण असतं, जागा कुठे जात नाही. आपला डबा गाठा, मोठ्या बॅगा दाराजवळच्या मांडणीवर ठेवा, आणि पासपोर्ट-पैशांची पिशवी मात्र मांडीवर. स्टेशनवर तिकीट काढून देतो, बॅग उचलतो म्हणत कुणी जवळ आलं तर नम्रपणे नको म्हणायचं आणि चालू पडायचं.

छोट्या गावांना जाणाऱ्या साध्या गाड्यांना आरक्षण नसतं आणि भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे ती तिकिटं आधी काढायची घाई नको. पण तिथे एक नियम कडक आहे. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. तिकीट असूनही हे राहिलं तर दंड होतो, आणि परदेशी माणूस आहे म्हणून सोडत नाहीत. फ्लॉरेन्सहून पिसा अशा गाडीने साधारण तासाभरावर आहे. सिएनाला मात्र बसने जा. तिथलं रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, बस वर जुन्या गावाच्या कडेला सोडते. दोन्हींतलं एकच करायचं असेल तर मी डोळे मिटून सिएना म्हणेन. पिसाचा मनोरा सुंदर आहे, पण सिएनाला अख्खं गाव सुंदर आहे.

नेपल्स आणि पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर, यांबद्दल तू खास लिहिलं आहेस. रोमहून नेपल्स सव्वा तासावर आहे आणि तिथून छोट्या लोकल गाडीने पॉम्पेई सुमारे पाऊण तास. एका दिवसात होतं, पण ती लोकल गर्दीची, आणि पॉम्पेईत पुन्हा दगडी रस्त्यांवर तासन् तास चालणं. तू आणि वहिनींनी जा असं मला वाटतं. त्या दिवशी काकूंनी रोममध्ये विश्रांती घ्यावी. चिंक्वे तेर्रे यंदा सोड, त्या गावांत पायऱ्याच पायऱ्या आहेत. कोमोची काळजी नको. मिलानहून तासाभरात गाडी कोमो सरोवराच्या काठी वारेन्नाला सोडते, तिथून बोटीने पलीकडे बेल्लाजोला जाता येतं. नोव्हेंबरात बोटी कमी असतात, वेळा मी बघून ठेवतो.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार काढून टाक. बहुतेक शहरांच्या जुन्या भागांत परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. त्या हद्दीवर कॅमेरे असतात, आणि माणूस घरी पोचल्यावर कितीतरी महिन्यांनी दंडाची नोटीस येते. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. तुमच्या सगळ्या मुक्कामांना रेल्वे दारात नेऊन सोडते, मग गाडी हवीच कशाला?

इथे संप होतात हेही माहीत असू दे. ते आधी जाहीर होतात आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखा असतात. संपाच्या दिवशीसुद्धा, रविवार-सुट्टी नसेल तर, सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. तारखांवर मी लक्ष ठेवीन.

आता राहण्याचं. हॉटेल निवडताना तू चांदण्या आणि नाश्ता बघतोयस, मी आधी लिफ्ट बघ म्हणेन. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चार खोल्यांचं हॉटेल, असं इथे सर्रास असतं. लिफ्ट असली तरी कधी ती एवढीशी असते की एक माणूस आणि एक बॅग मावते, आणि कधी लिफ्टपर्यंत पोचायलाच दहा पायऱ्या. तेव्हा बुकिंगआधी सरळ निरोप पाठवून विचार: रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती? आकडा लिहून मागव. घरगुती जागा घेणार असशील तर जाहिरातीत 'चिन' नावाचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक दिसतो का बघ. 2025 पासून तो बंधनकारक आहे, आणि ज्याच्याकडे तो नाही त्या जागेच्या वाटेला जाऊ नये. रात्री उशिरा पोचणार असलात तर तेही आधी कळव, छोट्या जागांचे मालक त्याचे वेगळे पैसे घेतात.

रोमला मेट्रोच्या 'ए' मार्गाजवळ, प्राती भागात राहिलात तर व्हॅटिकन चालत जाता येईल आणि रस्तेही रुंद, सपाट आहेत. विमानतळावरून तेर्मिनीला लिओनार्दो एक्स्प्रेस 32 मिनिटांत पोचवते, माणशी 14 युरो. पण रात्रभराचा प्रवास करून येणार तुम्ही, आणि जुन्या तटबंदीच्या आतल्या भागासाठी पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचं भाडं महापालिकेने ठरवून दिलेलं आहे. प्रातीचा पत्ता त्या हद्दीबाहेर पडतो, म्हणून बसण्याआधी आकडा विचारून घे. थोडे जास्त गेले तरी त्या दिवशी टॅक्सीच करा. फ्लॉरेन्सला स्टेशन आणि दुओमो, म्हणजे गावातलं मुख्य चर्च, यांच्या मधे कुठेही राहा, गाव चालण्याजोगं लहान आहे. उफित्सी संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघून दिवस लाव.

व्हेनिसबद्दल मी हट्ट धरणार आहे. स्वस्त म्हणून तू मेस्त्रेत हॉटेल निवडलं आहेस. तिथून दहा मिनिटांत गाडी येते हे खरं, पण दिवसभराचे पाहुणे परत गेल्यावरचं व्हेनिस तुम्हाला दिसणारच नाही. संध्याकाळी गल्ल्या रिकाम्या होतात, खिडक्यांतून भांड्यांचे आवाज येतात, पाणी भिंतीवर आपटत असतं आणि कुठल्याच वाहनाचा आवाज नसतो. काकूंना एकदा तरी ते ऐकू दे. अडचण पुलांची आहे, कारण प्रत्येक पूल म्हणजे चढायच्या आणि उतरायच्या पायऱ्या. त्यावर उपाय असा: सांता लुचियातून बाहेर पडून डावीकडे वळलं की लिस्ता दि स्पान्या हा रस्ता लागतो, आणि गुल्ये पुलापर्यंत वाटेत एकही पूल नाही. हॉटेल याच पट्ट्यात घे. स्टेशनसमोरूनच वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस, सुटते. एक नंबरची धर. ती ग्रँड कॅनॉलमधून थांबत थांबत सान मार्कोला जाते. नोव्हेंबरात भरतीचं पाणी चढतं म्हणून वहिनी घाबरल्या आहेत असं लिहिलंस. 2020 पासून मोठ्या भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी मोसे नावाचे दरवाजे वर उचलले जातात, त्यामुळे मोठी भरती आता गावात शिरत नाही. सान मार्कोचा चौक सखल आहे, तिथे थोडं पाणी साचलेलं दिसू शकतं, एवढंच.

हॉटेलात पोचल्यावर पासपोर्ट मागतील. पाहुण्यांची नोंद पोलिसांना द्यावी लागते म्हणून मागतात, निर्धास्तपणे दे. खोलीच्या भाड्यावर माणशी, दर रात्रीचा शहर कर वेगळा असतो. पुष्कळदा तो तिथेच, रोख मागतात, म्हणून थोडे युरो जवळ ठेव. हीटिंग रोम-फ्लॉरेन्सला 1 नोव्हेंबरपासून सुरू होतं, पण चोवीस तास नसतं. काकूंचा जाड स्वेटर बॅगेत वर ठेव. आपले तीन गोल पिनांचे प्लग इथे बसत नाहीत, दोन बारीक पिनांचे चालतात.

जेवणाचं मेघनाने तिच्याकडे घेतलं आहे. फ्लॉरेन्सला छोटं स्वयंपाकघर असलेली जागा बघ, म्हणजे काकूंना तीन दिवस आपल्या हातचा वरणभात मिळेल. कार्तिकी एकादशी बहुधा व्हेनिसला किंवा आमच्या घरी येईल, साबुदाणा मेघना भिजवेल. चिवडा-चकली अवश्य आणा. तूप, पेढे, बर्फी आणू नका: दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

व्हिसाचं शेवटी लिहितोय, पण काम तिथूनच सुरू होतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि आता मुंबईच्या व्हिसा केंद्रातल्या भेटीची वेळ लगेच घे. निदान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. रात्री कुठे राहणार याचा पुरावा लागतो, म्हणून हॉटेलं रद्द करता येतील अशीच आत्ता बुक करून टाक. मिलानच्या रात्रींसाठी मी निमंत्रणाचं पत्र भरून, माझ्या कागदपत्रांची प्रत जोडून पाठवतो. तुम्ही घरी आलात की 48 तासांत इथल्या पोलिसांना पाहुणे आल्याचं कळवावं लागतं, ते मी करीन.

त्यासाठी तिघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या प्रती मला पाठव. काकूंच्या पासपोर्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव अगदी सारखं आहे का तेही बघ, तिकीट पासपोर्टप्रमाणेच काढायचं. आणि तारखा नक्की झाल्या की लगेच कळव, मला ऑफिसात रजा टाकायची आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना मेघनाचा निरोप की आंबोशी थोडी जास्त आणा.

तुझा,
शिरीष